व्याज घरी, मुद्दल बाहेर

ता. ९ ऑक्टोबर

प्रिय अहो,

नमस्कार. मी इथे बरी आहे. तुम्हीही बरे असाल असं धरून चालते, कारण नसलात तरी तुम्ही ते कळवणार नाही. तुमचं पत्र मिळालं. चार ओळी होत्या, त्यातली एक हवामानावर. तरी फोनपेक्षा पत्रच बरं. फोनवर तुम्ही ‘काय?’ म्हणता, मी मोठ्याने बोलते, तुम्ही पुन्हा ‘काय?’ म्हणता, आणि शेवटी ‘जेवलात का’, ‘जेवलो’ एवढ्यावर आपण फोन ठेवतो. समुद्रातल्या त्या यंत्रांनी तुमचे कान खाल्ले. कागदाला ओरडावं लागत नाही.

इथे सकाळी धुकं असतं. तळं दिसत नाही, काठावरची झाडं दिसत नाहीत, हॉटेलचं फाटकसुद्धा ऊन येईपर्यंत कुठेतरी गेलेलं असतं. मी पायरीवर चहाचा कप घेऊन उभी राहते आणि एकेक वस्तू परत येताना बघते. आधी दिव्याचा खांब, मग बाक, मग फाटक. सगळ्यात शेवटी तळं.

रिकाम्या हॉटेलात दिवसभर करतेस काय, असं तुम्ही विचारलंय. सांगते. आपल्या सरकारी कंपनीने तेलाच्या पैशातून हे विकत घेतलं आणि बंद करून ठेवलं, एवढं तुम्हाला माहीतच आहे. पण बंद घराला चालू घराहून जास्त जपावं लागतं. दर आठवड्याला प्रत्येक खोलीतले नळ सोडायचे, गरम आणि गार दोन्ही, नाहीतर पाणी नळातच कुजतं. मी वरच्या मजल्यावरून सुरुवात करते. नळ सोडत सोडत टोकापर्यंत जाते आणि बंद करत परत येते. मधल्या वेळात सगळा मजला वाहत असतो. व्हरांड्यात उभी राहिले की वाटतं, प्रत्येक खोलीत पाहुणे आहेत, सगळे एकदम आंघोळीला गेलेत आणि आता खाली येऊन नाश्ता मागतील. कंपनीच्या अतिथिगृहात मी एवढी वर्षं काढली, पण इतके शांत पाहुणे कधी मिळाले नाहीत.

मग खिडक्या उघडायच्या, गाद्या उलटायच्या, छताला ओल धरलीय का बघायचं. जेवणघरातल्या खुर्च्यांना पांढऱ्या खोळी घातल्यात. संध्याकाळचा तिरपा उजेड आला की त्या खोळींना खांदे फुटतात, आणि कुणीतरी मुकाट्याने वाढायची वाट बघत बसल्यासारखं दिसतं.

मला स्वयंपाकघरामागची खोली दिलीय, पण मी तिथे झोपत नाही. दर दोन-चार दिवसांनी खोली बदलते. खोलीला माणसाची ऊब लागते. हे कंपनीने सांगितलेलं नाही, माझं मीच ठरवलंय. गंमत म्हणजे खोलीगणिक स्वप्नं वेगळी पडतात. रस्त्याकडच्या खोल्यांत आपली लेक लहान असते. तळ्याकडच्या खोल्यांत तुम्ही असता. म्हणजे दिसत नाही. तळ्याच्या मधोमध तुमचं ते तेल उपसायचं लोखंडी मचाण उभं असतं, सगळे दिवे लागलेले, आणि मला ठाऊक असतं की तुम्ही त्यावर आहात. मी काठावर. होडी नसते. पण वाईट असं काही वाटत नाही, नुसतं बघत राहावंसं वाटतं.

अगदीच एकटी नाही मी. लिफ्टवाले काका येतात. हॉटेल चालू होतं तोवर लिफ्ट त्यांच्याकडे होती. बंद झालं तेव्हा सगळ्यांचे पैसे चुकते झाले, सगळे गेले, तसे तेही गेले. आणि काही दिवसांनी इस्त्रीचा कोट, चकचकीत बूट घालून फाटकात हजर. म्हणाले, “रोज फिरवली नाही तर ती रुसते.” मी आत घेतलं नाही. पुन्हा आले, पुन्हा घेतलं नाही. मग एक दिवस फार थंडी होती.

आता ते रोज लिफ्ट वर नेतात. प्रत्येक मजल्यावर जाळी उघडतात, थांबतात, बंद करतात. मी विचारलं, “कुणासाठी थांबता?” म्हणाले, “हाताला सवय आहे.”

“काका, घरी बसवत नाही का हो?”

“मला बसवतं. घरच्यांना बघवत नाही.”

तुम्ही शेवटच्या ओळीत विचारलंय, परत कधी येणार. तुमचीही समुद्रातली शेवटची खेप आता संपत आली. त्याबद्दल सावकाशीने लिहीन. आत्ता ऊन पडलंय, गाद्या टाकून घेते.

तुमची,
आणि सध्या एवढ्या सगळ्या पलंगांची


ता. २१ नोव्हेंबर

प्रिय अहो,

तुम्ही कायमचे घरी आल्याचं लेकीने कळवलं. निरोपाला साहेब दोन वाक्यं बोलले आणि तुम्ही एकही नाही, हेही कळवलं. मी असते तर तुमच्या वतीने बोलले असते. तुमचे मित्र म्हणाले असते, आता कळलं हा गप्प का.

लेक सांगते की तुम्ही स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावलेत आणि प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवलीय. वाचून मी हसले. माझ्याच घरात मला मीठ आता चिठ्ठी वाचून घ्यावं लागणार. आणि म्हणे थंडीतही पंखा लावून झोपता, आवाज नसला तर झोप लागत नाही म्हणून. पांघरूण तरी नीट घेत जा.

इथे काकू येऊन गेल्या. लिफ्टवाल्या काकांच्या. मी पायऱ्या झाडत होते. फाटकातून एक बाई तरातरा आल्या, हातात छत्री, पाऊस नसताना. म्हणाल्या, “माझा नवरा इथे येतो का?”

“येतात.”

“कुणाकडे?”

“लिफ्टकडे.”

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. तेवढ्यात लिफ्ट खाली आली, जाळी उघडली आणि काका सवयीने झुकून म्हणाले, “कितवा मजला, बाई?” मग वर बघितलं. चेहरा असा झाला की मला झाडूमागे तोंड लपवावं लागलं.

काकूंनी मान वर केली. छताकडे बघितलं, झुंबराकडे बघितलं. मग म्हणाल्या, “लग्न झाल्यापासून मी या गावात आहे. या फाटकाच्या आत आज पहिल्यांदा आले. कामावरच्या माणसांच्या बायकांना मागच्या दारानेही घेत नसत.” आणि काकांना म्हणाल्या, “सगळ्यात वरचा.”

दोघं वर गेले. बराच वेळ लिफ्ट खाली आली नाही, तेव्हा मी चहा घेऊन जिन्याने गेले. सगळ्यात महाग खोली आहे ना, कोपऱ्यातली, तिचं दार उघडं होतं. काकू पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, चपला हातात. काका दाराशी ताठ उभे.

“बसा ना,” काकू म्हणाल्या.

“कामावर आहे.”

“कुणाच्या?”

काका बसले. दोघांमध्ये एका माणसाची जागा सोडून. धुकं हळूहळू निघत होतं. आधी पलीकडचा डोंगर आला, मग पाणी. एवढं पाणी, की खोलीच्या छतावर त्याचा उजेड हलायला लागला.

“हे रोज बघायचात तुम्ही?” काकूंनी विचारलं. “आणि घरी येऊन कधी सांगितलं नाहीत.”

“मी कुठलं बघतोय,” काका म्हणाले. “मी लिफ्टमध्ये असायचो.”

मी चहा दाराबाहेर ठेवला आणि पाय न वाजवता खाली आले. पायरीवर बसले. आपण दोघांनी एकमेकांची कामाची जागा कधी पाहिली नाही, हे माझ्या लक्षात आलं. तुमचं मचाण मी फक्त स्वप्नात पाहिलंय, आणि स्वप्नात ते नेहमी स्वच्छ असतं. माझ्या अतिथिगृहात तुम्ही यायचात ते मागच्या दारापर्यंत, किल्ली द्यायला.

आता काकूही अधूनमधून येतात. फाटलेल्या खोळी शिवतात. परवा सुईत दोरा ओवताना म्हणाल्या, “हे कायमचे घरी आले त्या दिवशी मी रडले. लोकांना वाटलं, आनंदाने.”

मला हसू आलं, आणि अर्ध्यातच थांबलं. हे तुम्हाला का लिहितेय कोण जाणे.

परत येण्याचं विचारलंत. पुढच्या महिन्यात मुख्य कार्यालयातून कुणीतरी यायचंय, ते आल्यावर कळेल. तोवर डब्यांवरच्या चिठ्ठ्या राहू द्या.

तुमची


ता. १७ डिसेंबर

प्रिय अहो,

आज गंमत सुचत नाही, म्हणून झालं तसं लिहिते.

कंपनीच्या गुंतवणूक विभागातली अधिकारी येऊन गेली. आपल्या लेकीएवढीच मुलगी. जाड चष्मा, एकच बॅग, आणि बॅगेत कपड्यांपेक्षा वायरी जास्त. पहिल्याच चहाला मला मावशी म्हणायला लागली. कंपनीने जगभर जे जे घेऊन ठेवलंय ते जागेवर जाऊन बघायचं, हे तिचं काम. स्वतःच्या घरी महिन्यातून एकदा जाते म्हणाली. झाडांना पाणी घालायला शेजारीण आहे.

तिने काका-काकूंना पाहिलं. काका लिफ्टच्या दारात, काकू खोळी शिवत. म्हटलं, झालं, गेली आपली नोकरी. ती म्हणाली, “यांचे पगार खर्चात दिसले नाहीत.” मी म्हटलं, “पगार नाहीतच.” तिने हातातले कागद मिटले. मग लिफ्टमध्ये शिरून काकांना म्हणाली, “तिसरा.” काकांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा खऱ्या पाहुण्याला वर नेलं.

संध्याकाळी आम्ही दोघी स्वयंपाकघरात शेगडीशी बसलो. मी विचारलं, “एवढी जागा घेऊन बंद का ठेवता गं?”

“तेल म्हणजे घरातलं सोनं, मावशी. रोज थोडं विकून खाल्लं तर एक दिवस संपणार. मग पुढच्यांनी काय करायचं? म्हणून विकलेल्या तेलाचं दुसरं काहीतरी करून ठेवायचं, टिकणारं, नुसतं ठेवूनही किंमत वाढणारं.”

मग कंपनीने काय काय करून ठेवलंय ते तिने सांगितलं. एका बंदराचा अर्धा हिस्सा. हजारो कंपन्यांचे बारीक बारीक तुकडे, त्यात चपला करणारीही आली आणि दात घासायची पेस्ट करणारीही. दुसऱ्या देशांच्या सरकारांना दिलेली कर्जं. उंच इमारती. आणि एक जंगल, ज्यातलं झाड ती म्हातारी होईपर्यंत कुणी तोडणार नाही.

“तिथे कोण राहतं?”

“कुणी नाही. ते नुसतं वाढतं.”

अहो, शेगडीच्या उबेने असेल, मला ते जंगल दिसायलाच लागलं. तुम्ही समुद्राच्या पोटातून काळं उपसत होतात, आणि ते कुठेतरी हिरवं होऊन उभं राहत होतं, पानावर पान, आणि तुम्हाला पत्ताही नाही. तुमच्या अंगाला येणारा तो वास, जो साबणाने जायचा नाही, त्याचं असं काही होत असेल हे मला कधी सुचलं नसतं.

मी म्हटलं, “आपल्याकडेच का नाही लावत हा पैसा? आमच्या वस्तीतल्या शाळेचं छप्पर गळतं.”

“लावतो, पण बेताने. सगळा एकदम घरी ओतला तर सगळंच महाग होतं. माणसं बाकीचे धंदे सोडून देतात, घर बिघडतं. म्हणून व्याज घरी, मुद्दल बाहेर.”

“आणि छप्पर?”

तिने चष्मा पुसला. “ते मीही विचारते. प्रत्येक बैठकीत विचारते.”

पण मी अडकले होते मागच्याच वाक्यात. व्याज घरी, मुद्दल बाहेर. मला हसू यायला लागलं आणि थांबेचना. ती म्हणाली, “काय झालं, मावशी?” मी म्हटलं, “काही नाही, आमचा संसार आठवला.”

आपलं तेच झालं ना. अर्धा महिना तुम्ही समुद्रात, अर्धा घरी, आणि घरच्या अर्ध्यातले पहिले काही दिवस झोपेत. जे हाती आलं ते व्याज. तक्रार नाही माझी, व्याज चांगलं होतं. तुम्ही यायच्या दिवशी मी घर पुसून काढायची, लेक खिडकीतून हलायची नाही. पण मुद्दल मी कधी पाहिलं नाही. आता ते सगळंच्या सगळं घरी येऊन बसलंय, डब्यांना चिठ्ठ्या लावत. आणि मला भीती वाटते.

लिहिलं एकदाचं. दोन पत्रं हेच टाळत होते.

तुमची भीती नाही वाटत. तुम्ही कधी आवाज चढवला नाहीत. पण तुमच्या येण्याच्या दिवशी कसं वागायचं ते मला येतं, जाण्याच्या दिवशी कसं ते येतं. मधल्या सपाट दिवसांचं काय करतात, ते मी शिकलेच नाही. दुपारी तीन वाजता तुम्ही कसे असता, मला माहीत नाही. मी परत आले, आपण समोरासमोर बसलो, आणि ‘जेवलात का’ संपल्यावर काहीच उरलं नाही तर? त्यापेक्षा इथल्या रिकाम्या खोल्या बऱ्या वाटतात. त्यांना माझ्याकडून फक्त ऊब हवी असते.

आता पुढचं. दुसऱ्या दिवशी निघताना त्या मुलीने सांगितलं की हॉटेल विकलं. तळ्याकाठच्या जागेची किंमत वाढलीय, आता काढून टाकायचं असं वर ठरलंय. नवे मालक इथे राहायची घरं करणार, लिफ्टही नवी बसवणार. काकांनी ऐकलं. म्हणाले, “चांगलं झालं की विकतात होय?” आणि जाळीचं पितळ पुसायला घेतलं. काकू मला म्हणाल्या, “घरात दोन खोल्या आहेत. एक त्यांची, एक माझी. जेवायला मधे भेटू. जमेल.” तोंडात सुई धरून बोलल्या, म्हणून असेल, पण मला ते फार समजूतदार वाटलं.

माझ्यापुढे दोन कागद ठेवले होते. एक घरी परत येण्याचा, निवृत्तिवेतनासकट. दुसरा नव्या जागेचा. दुसऱ्या एका शहरात कंपनीने जुनं नाट्यगृह घेतलंय, तेही बंद ठेवायचंय, त्याला माणूस हवंय. मार्चपासून.

मी नाट्यगृहाच्या कागदावर सही केली. तुम्हाला विचारलं नाही.

रागवा हवं तर. पण हॉटेल फेब्रुवारीअखेरपर्यंत माझ्याकडे आहे. तुम्ही या. राहायला म्हणून जड जात असेल तर बघायला म्हणून या. खोली तुम्ही निवडायची. दुपारी तीन वाजता आपण दोघांनी काय करायचं ते मला खरंच माहीत नाही, पण ते तिथे आपल्या घरात शोधण्यापेक्षा इथे शोधणं मला सोपं जाईल. इथे आपण दोघंही परके आहोत.

यायचं नसेल तर तसं स्पष्ट लिहा. मधे हवामान घालू नका.

तुमची,
आणि हे लिहूनही तुमचीच


ता. २ जानेवारी

प्रिय,

पत्र मिळालं. राग आला. दोन दिवस टिकला, मग गेला. विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं. म्हणून विचारलं नाहीस ते ठीक केलंस.

मला बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. लिहिताही येत नाही. तरी लिहितो.

सकाळी भोंग्याच्या वेळेला जाग येते. भोंगा नसतो. उठून घरभर फिरतो. प्रत्येक वस्तू तू ठेवलेल्या जागी आहे आणि मी कुठे उभं राहायचं ते कळत नाही. डब्यांना चिठ्ठ्या लावल्या कारण कशात काय आहे ते मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. लाज वाटली. तू हसलीस ते वाचलं.

दुपारी तीन वाजता मी कसा असतो, ते मलाही माहीत नाही. तिकडे तीन वाजता ड्युटी बदलायची. घरी तीन वाजता दार उघडतो आणि रस्ता बघतो. मग दार लावतो. तुला भीती वाटते हे वाचून मला बरं वाटलं. मला वाटत होतं, मलाच वाटते.

आम्हाला कुणी सांगितलं नाही तेलाचं पुढे काय होतं. जहाज भरायचं, निघायचं, दिसेनासं होईपर्यंत आम्ही बघायचो. नंतरचं कुणी विचारायचं नाही. जंगलाचं वाचलं तेव्हा पत्र खाली ठेवलं आणि बाहेर जाऊन आलो. ते जंगल कुठे आहे, त्या मुलीला विचारून ठेव. आत सोडत असतील तर एकदा जाऊ. एक झाड दाखवलं तरी पुरे.

आता येण्याचं. सलग अर्ध्या महिन्यापेक्षा जास्त मी कुणाबरोबर राहिलो नाही. तूही माझ्याबरोबर नाहीस. तेव्हा अर्धा महिना तुझ्याकडे. मग इथे येऊन घर उघडीन, लेकीला भेटेन, शाळेचं छप्पर बघतो काय करता येतं. आम्ही चौघं-पाचजण आता रिकामेच आहोत, पत्रे बसवता येतात. मग पुन्हा तुझ्याकडे. नाट्यगृहातही तसंच. जमलं तर दिवस वाढवू. नाही जमलं तर तेवढेच ठेवू. एवढं तर आपल्याला येतं.

स्टेशनवर येऊ नकोस. कामात असशील तर कामातच राहा, माझ्यासाठी हातातलं टाकू नकोस. तुला काम करताना मी कधी पाहिलं नाही. थोडा वेळ दारात उभा राहीन. तू ओळख दाखवायची घाई करू नकोस.

इतकी वर्षं उंबऱ्यातून निघताना ‘येतो’ म्हणायचो आणि जायचो. तू ‘या’ म्हणायचीस आणि आत वळायचीस. या वेळी निघताना म्हणायला घरात कुणी नाही, म्हणून इथेच लिहितो.

येतो.